मी ओठ वाचते

रायपूर
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. वहिनी आणि तुझी नागपूरची ओपीडी, दोन्ही ठीक असतील. इकडे धर्मपालची सिलतऱ्याच्या प्लांटमधली ड्युटी बदलली, सकाळी सहालाच निघतो. मला चौथा महिना लागला. उलट्या थांबल्या, भात जातो आता.

धर्मपालला सुट्टी नव्हती म्हणून दहा तारखेला तुझ्या ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे सासूबाई सोबत आल्या. मला ऐकू येत नाही हे बाईंना आधीच माहीत होतं. मी वही पुढे ठेवली: 'मुझसे बात कीजिए, लिखकर.' त्यांनी वही पेनासकट बाजूला सारली नि सासूबाईंकडे वळल्या. पोट माझं, बीपी माझा, बोलणं मात्र सासूबाईंशी! वहीशिवाय मला काही कळत नाही असं वाटलं असेल. पण मी ओठ वाचते.

"बच्चा भी ऐसा ही निकला तो? ये तो उसका रोना तक नहीं सुनेगी. अभी समय है, सफाई करवा लो."

सफाई! घरात कचरा साचला होता का, दादा?

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "मले काहून विचारता? तिले विचारा. लेकरू तिचं हाये."

मी वही ओढून लिहिलं, 'यही कागज़ पर लिखकर दीजिए और नीचे साइन कीजिए.' बाईंनी पेनाला हात लावला नाही.

आता दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. त्या मास्क खाली करून माझ्याकडे बघून बोलतात. "आपको किस बात का डर है?" असं मलाच विचारलं. भीती आहेच. बाळ रडलेलं मला ऐकू येणार नाही, हीच.

इथवर लिहून दोनदा पेन खाली ठेवलं. निघताना त्या पहिल्या बाई आणखी एक बोलल्या होत्या. "इसके भाई खुद डॉक्टर हैं. उन्होंने ही फोन किया था, कि समझाइए."

सासूबाईंनी घरी हे कोणालाच सांगितलं नाही. मी तेव्हा चपला घालत होते, म्हणून हे शेवटचं मला दिसलंच नाही असं समजतात बिचाऱ्या.

मला शाळेत घेत नव्हते तेव्हा हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटणारा तूच ना? मग आता काय झालं? मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तुला माझं लेकरू नको, की माझ्यासारखं लेकरू नको?

धर्मपालला फोन करू नकोस. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. जे म्हणायचं असेल ते मला लिही, पाकिटावर माझं नाव घालून.

'तुझी लाडकी' असं आज लिहवत नाही.

अपर्णा