अण्णा, तुमची कंबर बरी झाली

अण्णा, या उन्हाळ्यात माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ढोल वाजला. खराखुरा, गळ्यात अडकवायचा, जत्रेतला ढोल. खालचा झेरॉक्सवाला धावत वर आला, त्याला वाटलं छत कोसळलं. खांदा आखडलेल्या एक आजी होत्या, तीन आठवडे त्यांचा हात कानापर्यंत नेता नेता माझ्या नाकी नऊ आले होते. त्या ढोलाच्या ठेक्यावर डोक्याच्या वर हात नेऊन टाळ्या वाजवायला लागल्या. मी तिथंच पकडलं त्यांना, म्हटलं, "आजी, हात बघा कुठं गेलाय!" इतके हसलो आम्ही सगळे, की पुढचा पेशंट दारात उभा राहून विचारत होता, दवाखाना हाच ना म्हणून.

ढोल वाजवणारे काका मंद्रूपकडचे. मेंढरं भाऊ बघतो, हे अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. गावच्या जत्रेतला पहिला ढोल त्यांचा, पण सहा वर्षं तो गळ्यात घातला नव्हता. कंबर! कुणीतरी एक्स-रेचा फोटो बघून 'मणक्यात गॅप आहे' असं सांगितलेलं, आणि काकांनी ते इतकं मनावर घेतलं की खाली वाकायचंच सोडलं. पहिल्या दिवशी आले ते कंबरेला पट्टा, हातात पिशवीभर रिपोर्ट आणि मागं बायको. "जत्रेत पोरं ढोल वाजवत्यात आन हे देवळामागं जाऊन बसत्यात," काकू म्हणाल्या. "मला न्हाय बघवत." काकांना फार काही नको होतं. पुढच्या जत्रेला एकदा ढोल गळ्यात घ्यायचा होता. "एकदाच, म्याडम. मग मोडलो तरी चालतंय."

मी नीट तपासलं. मोडण्यासारखं काही नव्हतं. मग मी माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं, की दुखणं जुनं झालं म्हणजे कंबरेपेक्षा मेंदूच जास्त सावध होतो, आणि... पुढचं ऐकायला काका थांबलेच नाहीत. "मंजे मी येडा हाय म्हनायचं?" पिशवी उचलली त्यांनी. काकूही ताडकन उठल्या. "सा वर्सं येड्यासंगं नांदतीय व्हय मी?" आणि दोघं दाराकडं निघाले.

त्यांची पाठ बघितली आणि अण्णा, मला तुम्ही आठवलात. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, चार पुस्तकं वाचून अतिशहाणी झालेली. तुमच्या दुखऱ्या कंबरेचा एक्स-रे खिडकीला धरला आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "काही नाहीये अण्णा, सगळं नॉर्मल आहे." तुम्ही 'बरं' म्हणालात. त्यानंतर कंबरेचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत. हृदयविकारानं गेलात, पण तोवर रोज सकाळी दाराच्या चौकटीला धरूनच उठत होतात. मी बघत होते आणि मनात 'नॉर्मल' म्हणत होते. पोटच्या पोरीनं तुम्हाला खोटं ठरवलं, आणि तुम्ही ते मुकाट्यानं ऐकून घेतलंत. मला त्याची लाज वाटते अण्णा, अजून वाटते.

आणि गंमत अशी, की तुम्हाला तर हे सगळं माहीत होतं! मी सातवीत आहे, तुमचा डबा घेऊन मागांच्या शेडमध्ये येते. एक कामगार वैतागून मागाला लाथ घालतो. धागा शाबूत आहे, तरी माग सारखा थांबतोय. "नाटकं करतोय," तो म्हणतो. तुम्ही शेडचे जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. हातातला पाना खाली ठेवता आणि त्यालाच झापता. "खोटं कशाला थांबंल रं ते? धागा तुटला की माग बंद करनारा काटा हाय न्हवं, तो लई हलका झालाय. जरा धक्का बसला की त्याला वाटतंय, तुटलं. लाथ घालून काय हुतंय? मी जरा जरा घट्ट करतो, तू हळू चालव."

दारातल्या काकांना मी हेच सांगितलं, तुमच्याच बोलीत, तुमच्यासारखी हात झटकत. काका थांबले. मागावरचा माणूस, काटा कळला त्यांना. "मंजे धागा शाबूत हाय?"

"शाबूत."

"आन दुकतंय ते बी खरं?"

"शंभर टक्के खरं."

परत येऊन बसले ते. "कुनी शिकवलं हे तुमास्नी?"

"माझ्या अण्णांनी. जॉबर आहेत. त्यांची कंबर पण अशीच होती."

"मग?"

त्या 'मग'मध्ये काकांचा सगळा जीव अडकला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग काय, टुणटुणीत झाले की!"

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. आधी नुसतं वाकणं. मग ढोल जमिनीवर ठेवून, बसून दोन मिनिटं. मग गळ्यात, भिंतीला टेकून. दुखलं की काका माझ्याकडं बघायचे, मी विचारायची, "धागा?" ते म्हणायचे, "शाबूत." झेरॉक्सवाला वर धावत आला तो त्यातलाच एक दिवस. जत्रेला मी मुद्दाम गेले. काका अर्धा तास वाजवत होते, घामानं निथळत, गुडघ्यात वाकून, मान उडवत. मग खाली बसले, पाणी प्यायले आणि परत उठले. मी जवळ जाऊन विचारलं, दुखतंय का. "दुकतंय की!" म्हणाले, आणि पोरासारखे हसले. काकू माझा हात धरून रडत होत्या, मीही रडले. इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

परवा दोघं दवाखान्यात आले, नवंकोरं घोंगडं घेऊन. मला नाही, तुम्हाला. "अण्णास्नी द्या. त्यांच्यामुळं ढोल हातात आला." मी घोंगडं घेतलं, घरी आणलं, तुमच्या खाटेवर अंथरलं. आज काकांचा फोन. "अण्णा काय म्हनले?"

हे पत्र काही कुठं धाडायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते. आता तरी खरं बोलायला हवं होतं, कळत होतं मला. पण मी म्हटलं, "लई आवडलं त्यांना. रात्री त्यावर झोपले, आणि सकाळी कशालाही न धरता उठले." बोलून गेले, आणि अण्णा, ते मला इतकं गोड वाटलं, की मी काकांना खरं कधीच सांगणार नाही.