बुडबुड्याची पाणसळ

बाबा, आपल्याकडे लेथ मशीन आलं. लाकूड कातायचं. तुम्ही एका परदेशी कॅटलॉगमधून ज्याचं चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं ना, अगदी तसंच. आई म्हणायची, लोक तिथे देवाचा नाहीतर नटीचा फोटो लावतात, आमच्याकडे हे. आणि तुम्ही म्हणायचात, 'असलं मशीन आणायला लायसन्स लागतं, आणि ते लायसन्स मिळायला दुसरा जन्म लागतो.' आता काही लागत नाही. फोन केला, टेम्पो आला. टेम्पोवाल्याला आमचा सेक्टर सापडायला दोन तास लागले एवढंच. गुडगावात घरं आधी होतात आणि रस्ते मागाहून येतात. तो 'सामने खेत है' म्हणत होता आणि मी 'उसी खेत के पीछे' म्हणत होते, असं आमचं चाललं होतं.

गेटवरच्या गार्डने खोका बघितला, मोटर आहे हे ऐकलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'आटा चक्की, एक'. मी म्हटलं, भैया, चक्की नाही, लकडी का मशीन. तो म्हणाला, 'हाँ जी, वही.' संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आंटी पाच किलो गहू घेऊन दारात. 'बेटा, ज़रा मोटा पीसना.' त्यांना मशीन दाखवलं तर म्हणाल्या, बिल्कुल ठीक आहे, पण मग यात पिसतात कुठे? तुमचे जावई पुढे होऊन त्यांना समजावायला लागले. जावई कॉम्प्युटर कंपनीत आहेत आणि मूळचे पुण्याचे, त्यामुळे त्यांना हात लावण्यापेक्षा समजावणं बरं जमतं. आंटी अर्ध्या तासाने, मूठभर फरशीवर सांडून, बाकीचे गहू परत घेऊन गेल्या, पण कमिटीला सांगून गेल्या की तळमजल्यावर धंदा सुरू झाला आहे.

मशीन ठेवलंय मागच्या छोट्या खोलीत. बिल्डरने ती कामवालीसाठी म्हणून काढली होती. तिच्यात माणूस आडवा झाला तर दार लागत नाही, पण मशीन मावतं. बाक मी स्वतः बनवला, जाड पायांचा. मशीन त्यावर बोल्टने आवळलं, बटण दाबलं, आणि अहो बाबा, ते बाकासकट चालायला लागलं. मजेत, रमतगमत, दरवाज्याच्या दिशेने. जावई 'अगं धर, धर' म्हणत स्वतः बाहेर गेले. तेवढ्यात वीज गेली म्हणून वाचलो. इथे वीज जाते ती नेहमी वाईट वेळी, पण परवा तिने आमची अब्रू राखली.

दोष फरशीचा होता. धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून खोलीला उतार दिलेला, आणि बाक त्यावर एका पायाने अधांतरी. म्हणजे आधी बाक समपातळीत आणायचा, मग मशीन. तुमचं रविवारचं पहिलं वाक्य हेच असायचं, 'आधी पाणसळ.' मी दिवसभर मानेसरच्या कारखान्यात गाड्यांच्या पार्टमधली केसाएवढी चूक शोधून माल परत पाठवते, कंपनीच्या बसमध्ये लोक मला घाबरून जागा देतात, आणि घरी मात्र पाणसळ न लावता मशीन चालू केलं. याचं कारण आहे. तेच सांगायला बसले आहे, पण आधी थोडं दुसरं सांगू दे.

दिल्लीतल्या आपल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरचा मागचा व्हरांडा. मी सहा-सात वर्षांची असेन. तुम्ही स्टुलाचे पाय घासताय आणि मला म्हणताय, 'पाणसळ आण गं.' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकतेय. शाळेत हिंदी, गल्लीत पंजाबी, मराठी फक्त जेवताना आणि बोलणी खाताना. मी आत जाते, पेला भरते आणि दोन्ही हातांनी धरून तुमच्यापुढे आणते. तुम्ही पेल्याकडे बघता, माझ्याकडे बघता, हसत नाही. सगळं पाणी पिता, पेला खाली ठेवता आणि म्हणता, 'छान होती. आता बुडबुड्याची आण.' स्वयंपाकघरात आईची हसून पुरेवाट झाली होती. त्या दिवसापासून आपल्या घरात दोन पाणसळी झाल्या. साधी पाणसळ म्हणजे प्यायचं पाणी. आणि बुडबुड्याची म्हणजे ती शिसवी लाकडाची, वर पितळेची पट्टी, मधे काचेची नळी आणि नळीत बुडबुडा, तो मधोमध थांबला की पातळी बरोबर. तुमच्या हेड ड्राफ्ट्समनच्या खुर्चीपेक्षा तुम्हाला तिचा मान जास्त होता. ती घ्यायला हात धुवून यावं लागे.

मी बारा वर्षांची असताना त्या पाणसळीने एक चेंडू टोलवला. बॅट मोडली होती आणि शेवटची ओव्हर होती, आणखी काय सांगू. चौका गेला, हे खरं आहे. नळी तडकली. मी कोटल्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून तशीच एक नळी आणली, पट्टी उघडली, आणि तुमच्याच ऑफिसच्या लाल लाखेने ती आत बसवली. पट्टीचे स्क्रू पिळले. वरून बघितलं तर ब्रह्मदेवाला कळलं नसतं. फक्त नळी जराशी वाकडी बसली होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते देव्हाऱ्याच्या फळीने. तुम्ही ती पाणसळ लावून, बुडबुडा बरोबर मधे आणून ठोकलीत, आणि दुसऱ्या दिवसापासून समईतलं तेल एका बाजूला आणि बाळकृष्ण रांगत रांगत कडेला. आई रोज त्याला मागे सरकवायची. म्हणाली, 'देवाची सुद्धा बदली झालेली दिसते, निघालाय.' तुम्ही पाणसळ ठेवून दाखवलीत, बुडबुडा मधेच. मग म्हणालात, भिंत वाकडी आहे. सरकारी भिंत. गेलात कॉलनीच्या इन्क्वायरी ऑफिसात आणि तक्रार लिहून आलात. त्यांचा माणूस ओळंबा घेऊन आला, भिंत सरळ आहे म्हणाला. तुम्ही म्हणालात, 'तुमचा ओळंबाही सरकारीच.' दुसरी तक्रार केलीत. तिसरी केलीत. तिच्या पावतीवर तुम्ही इंग्रजीत लिहिलं होतं की भिंतीच्या वागणुकीमुळे धार्मिक विधींत अडथळा येतो. मी त्या तीन महिन्यांत इतकी शहाण्यासारखी वागले की आईने मला जंताचं औषध दिलं.

आणि मग एका रविवारी तुम्ही फळी काढून पुन्हा बसवलीत. बाळकृष्ण जागच्या जागी. आईने विचारलं, काय केलंत? तुम्ही म्हणालात, 'काही नाही. भिंत बसली. दिल्लीची माती, पावसाळा झाला की बसते.' तक्रार मागे घेतलीत. मला वाटलं, सुटले. मला असंही वाटलं, आणि याची लाज वाटते, की आपले बाबा भोळे आहेत.

तुम्ही गेल्यावर आईने ती पाणसळ मला दिली. मी ट्रंकेत तळाशी ठेवली. कधी लावली नाही, कारण ती खोटं बोलते हे फक्त मला माहीत होतं आणि ते तिला मी शिकवलं होतं. परवा मशीन चालत सुटल्यावर जावयांनीच ती ट्रंकेतून काढून आणली, पुसून, वर कुंकू लावून. 'बाबांचीच लाव. त्यांची इच्छा होती ना लेथची.' आता नाही कशाला म्हणू? लावली. बुडबुडा डावीकडे गेला. मी मनात हिशोब केला, ही इतकी चुकते, म्हणजे पाचर इतकी कमी घालायची. तरी सवयीने उलटी करून बघितली. तुम्हीच शिकवलं होतं, पाणसळ टोकं फिरवून ठेवायची, दोन्हीकडून एकच सांगितलं तर ती खरी. तिने दोन्हीकडून एकच सांगितलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. जावई म्हणाले, 'काय झालं? पांढरी का पडलीस?' मी म्हटलं, स्क्रू ड्रायव्हर द्या.

पट्टी काढली. माझी लाल लाख तशीच होती, तिच्यात माझ्या अंगठ्याचा ठसा. ती तुम्ही उखडली नव्हती. फक्त एका टोकाला, नळीच्या खाली, ती सरळ होईल एवढीच, कागदाची बारीक घडी सारली होती. चिमट्याने उलगडली. इन्क्वायरी ऑफिसची पावती, तिसऱ्या तक्रारीची. धार्मिक विधींबद्दलचं तुमचं इंग्रजी अजून वाचता येतं.

मी त्या खोलीत, आंटींच्या सांडलेल्या गव्हात, मांडी घालून बसले आणि रडले. जावयांनी मला समजावलं नाही, पहिल्यांदाच. पेलाभर पाणी आणून दिलं.

मग घडी होती तशीच आत घातली, पट्टी लावली, बाकाच्या एका पायाखाली सागवानी पाचर मारली, बुडबुडा मधे आणला. मशीनची दोन्ही अणकुचीदार टोकं, ज्यांच्या मधे लाकूड धरतात ती, एकमेकांसमोर आणली, सुईला सुई लागावी तशी नेमकी भिडली. वीज आली. मशीन आता जागचं हलत नाही. पहिलं काम देव्हाऱ्याच्या खांबांचं घेतलंय. तुमचे चौकोनी होते आणि तुम्ही दर दिवाळीला म्हणायचात, लेथ असतं तर गोल काढले असते. दोन बिघडले, तिसरा बरा आलाय, मात्र पोटाशी जरा सुटलाय, माझ्यासारखा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, 'पाणसळ आण गं.' मी पाणी आणलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मग दोन घोट घेतलेत आणि म्हणालात, 'छान होती.' दुसरी मागितली नाहीत. मी सगळ्यांना सांगत आले की बाबांना शेवटी तहान लागली होती, आणि जुनी गंमत आठवली होती. तसं नव्हतं बाबा. तुम्ही बुडबुड्याची मागताय हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि ती हातात घेऊन तुमच्यासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती. म्हणून तर धावत जाऊन पाणी आणलं.