बुंदीची पाचवी

११ एप्रिल

आज माझं सगळं बदललं. कधी, तेही सांगतो : रागिणीने घराची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि स्वतःच्या हाताने माझी बोटं मिटवली, तेव्हा. इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं त्या दिवशीही एवढं मोकळं वाटलं नव्हतं. त्या दिवशी हातात सरांची कॉलर होती, एवढंच.

सकाळी राजापेठेतल्या खोलीला कुलूप लावलं आणि अमरावतीहून एस.टी.ने अकोल्याला आलो. रागिणी इथे पतसंस्थेत नोकरीला आहे. जुन्या शहरात दोन खोल्या भाड्याने घेतल्यात तिने. गल्ली एवढी अरुंद की ऑटोवाला तोंडाशीच उतरवतो. तिची कुत्री बुंदी, रंगाने खरंच बुंदीच्या लाडवासारखी, एक कान उभा, एक पडका. मला हुंगून थेट मांडीवर येऊन बसली. रागिणी म्हणाली, ही कोणाकडे अशी जात नाही.

उद्या बुंदीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन. आणि रागिणीला आजच नागपूरला ट्रेनिंगला जायचं. डॉक्टरची तारीख हलत नाही, ट्रेनिंगही हलत नाही. म्हणून मी. 'तुझ्याशिवाय मले कोण आहे,' असं म्हणाली. एकदाच म्हणाली, पण मी दिवसभर ऐकतोय.

सूचना भरपूर. रात्री लवकर जेवण देऊन मग काही नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही, कारण भुलीत उलटी झाली तर ती श्वासात अडकते. नंतर उड्या नाहीत, आंघोळ नाही, टाके चाटू द्यायचे नाहीत. शेवटची सूचना म्हणजे घरमालकीण पार्बताबाईंना ऑपरेशनचं कळू द्यायचं नाही. त्या मागच्या दाराला लागूनच राहतात, गल्लीतल्या निम्म्या पोरांची नाळ त्यांनी कापली आहे. मुक्या जिवाची कूस काढली असं कळलं तर त्या खोली खाली करायला लावतील.

१२ एप्रिल

बुंदी सकाळपासून पाण्यासाठी मोरीतल्या नळाखाली बसून होती. तिच्यासमोर प्यायला नको म्हणून मीही चहा घेतला नाही. डॉक्टर पोटावरचे केस काढता काढता कुरकुरला. माजावर येऊन दोन महिने झालेत, ही वेळ काही बरोबर नाही, थोडं थांबलं असतं तर बरं, पण मॅडमने घाई केली. मॅडम म्हणजे रागिणी. मी म्हटलं मॅडमला कारण असेल.

दुपारी चादरीची झोळी करून गल्लीतून आणली. जीभ बाहेर, डोळे उघडे, आणि या उन्हात अंग गार. आतल्या खोलीत गोधडीवर ठेवली, कुलर दुसरीकडे वळवला. माझ्या पँटवर मुतली. मला राग आला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण असं कधी होत नाही.

रागिणीला फोटो पाठवला. लाल बदाम आला. बुंदीला असणार.

१४ एप्रिल

बुंदी दहीभात खाते. गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं दाराला, माठाला, माझ्या गुडघ्याला आपटत फिरते. टाके कोरडे आहेत.

रागिणी फोन कापते. जयंतीचा डीजे वाजत होता, बुंदी थरथरत होती, मी तिचे कान दाबून पुन्हा फोन लावत होतो, पुन्हा कापला, आणि नेमकं तेव्हाच पार्बताबाईंनी मागच्या दारातून डोकं घातलं. कुत्रीचं पोट काहून बांधलं? माझं टाळकं सटकलं. म्हटलं, पिल्लं झाली तिला शनिवारी, आत आहेत, आता आम्हाला सुखाने राहू द्या.

त्यांना राग यायचा सोडून आनंदच झाला. संध्याकाळी बाळंतिणीसाठी म्हणून वाटीभर गुळाचा शिरा आला, तूप सुटलेला. पिल्लं पाहायला मागितली नाहीत. पाचवीच्या आत पाहू नये म्हणाल्या. शिरा बुंदीने खाल्ला, उरला तो मी.

१६ एप्रिल

मेडिकलवर गोळ्या आणायला गेलो होतो. परत आलो तर आतल्या खोलीत पार्बताबाई. मालकीण म्हणून त्यांच्याकडेही किल्ली आहे. गोधडीसमोर पाट, पाटावर धुतलेला वरवंटा, हळद-कुंकू, समई. आज पाचवी ना. सटवाईला बोलावून झालं होतं, की ये माय, लेकरांच्या कपाळी चांगलं लिहून जा. गाईच्या वासराचीही त्या पाचवी करतात म्हणे, मग हिनेच काय पाप केलं.

रागाने माझे कान तापले. पण खोटं माझंच. वरवंटा त्यांच्या हातात दिला, समई फुंकून विझवली. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. असं विझवतात का, म्हणाल्या.

बुंदी रिकाम्या गोधडीकडे पाहून शेपूट हलवत होती.

१७ एप्रिल

भर दुपारी लाइट गेली. कुलर थांबला आणि आतल्या खोलीतून कुईं-कुईं ऐकू आलं. बारीक, दूध मागणारं. मांजरीचं पिल्लू असेल म्हणून ट्रंक, माळा, मोरी, सगळं पाहिलं. काही नाही.

बुंदीला दूध आलंय.

डॉक्टरला फोनवर झापलं. तो म्हणाला असं होतं, चुकीच्या वेळी ऑपरेशन झालं की शरीराला वाटतं पिल्लं झाली, दूध येतं, कुत्री गोधडी राखत बसते, काही दिवसांत जातं. सडांना हात लावू नका, गोधडी काढून घ्या. जीव भांड्यात पडला.

गोधडी उचलली. मध्ये ओंजळीएवढा खळगा होता आणि तो गरम होता. बुंदी सकाळपासून माझ्याजवळ होती, बाहेरच्या खोलीत.

१९ एप्रिल

प्रणालीच्या स्टेटसला फोटो. प्रणाली म्हणजे रागिणीची मैत्रीण. नागपूरचं कुठलं तरी लॉन, रागिणी शालूत, बोटात अंगठी, शेजारी सूट घातलेला कोणी गजेंद्र. हे ट्रेनिंग! साखरपुड्याला जायचं म्हणून चुकीच्या वेळी बुंदीचं पोट फाडून घेतलं आणि राखण करायला मला ठेवलं. मूर्ख. भिंतीवर बुक्की मारली, पोपडे पडले.

बुंदीच्या बरगड्या दिसून राहिल्यात. खाते तेवढंच, पण अंगाला लागत नाही. टाके उत्तम. सड ओले, भोवती दातांचे बारीक ठिपके. नरसाळ्यातून तिचं तोंड तिथे पोचतच नाही.

गोधडी मी ट्रंकेत टाकली होती. परत जमिनीवर होती, पुन्हा खळगा पडलेला. हात घातला. केस. ओले केस. दिसत काही नाही.

चावलं—

२० एप्रिल

पार्बताबाईंना सगळं सांगितलं. ऑपरेशन, खोटं, हात. त्या उभ्या होत्या त्या ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या :

"बाबू, जिथं लेकरूच नाई तिथं सटवाई येत नाई. पण हाक तं गेली नं? मंग दुसरं कोणी येते. तू जिले त्याची माय म्हनलं, तिलेच ते पिऊन राहिलं."

हाकला त्याला, म्हटलं. ते हाकलून जात नाही. दुसऱ्या बाईला त्याची माय म्हटलं तर पहिली सुटते. पुरुषाचा उपयोग नाही. हे सांगता सांगता त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि काय दिसलं कोण जाणे, पदर आवरून उठल्या. मागचं दार लागलं. तासाभरात वलगावला लेकीकडे निघून गेल्या.

तरी मी गोधडीसमोर बसून म्हणून पाहिलं. मी आहे तुझी माय, मला पी.

काही नाही. चोखण्याचा आवाज चालूच—

२१ एप्रिल

बुंदी उठत नाही. ऑटोने दवाखान्यात. मांडीवर ती, आणि तिच्यावर अजून एक वजन. डॉक्टर म्हणतो रक्त कमी झालंय, सलाइन लावू. रक्त कुठे जातं ते मला विचार ना!

परत आणली. ते पण आलं.

रागिणीचे बारा मेसेज. सगळे बुंदीचे. खाल्लं का, झोपली का, उद्या येते टाके काढायला. माझं एक अक्षर नाही. अंगठीचं पण नाही.

बुंदी माझा हात चाटते, चावलेला. मरणार आहे ही. माझ्या तोंडच्या एका वाक्याने—

२२ एप्रिल

आली. गजेंद्रची गाडी गल्लीच्या तोंडाशी, तो आत बसून. ती एकटीच आत. पेढ्यांचा डबा माझ्या हातात. कशाचे, ते सांगितलं नाही. हाताला पट्टी काहून, ते विचारलं नाही.

बुंदीला पाहून रडली. माझ्यावर ओरडली. काय केलं तू हिचं, एवढं एक काम दिलं होतं तुले—

मग थांबली. तिलाही ऐकू आलं. आतल्या खोलीत गेली, गोधडीशी वाकली. आवाज एकदम मऊ. माझ्याशी कधी नव्हता असा.

"अय्या, पिल्लू? कोणाचं रे?"

नको जाऊ, म्हणता आलं असतं. आताही म्हणता आलं असतं. बुंदीचा श्वास घरघरत होता. मला सगळं माहीत होतं.

"तुह्यं," मी म्हटलं. "तूच त्याची माय."

बुंदी उठली. आपल्या पायांवर. नरसाळं दाराला आपटत माझ्याकडे—

रागिणी म्हणते, किती गरम आहे हे. म्हणते, पियुष, हे दिसत काहून नाही. म्हणते, पियुष, सोडव, हे—

पेढे खाली ठेवले. चपला घातल्या. बुंदी पुढे, मी मागे. रागिणी हाक मारते, पहिल्यांदाच एवढी माझं नाव घेऊन. दार ओढून घेतो, बाहेरून कडी घालतो.