केळशीला दोघंच

आंबेगाव, पुणे
६ ऑक्टोबर

प्रिय इंद्रजीत,

इकडं सगळे मजेत. आईंचे गुडघे, आबांच्या म्हशी आणि कात्रज चौकातलं ट्रॅफिक, तिन्ही आपापल्या जागी आहेत. माझी कावीळ बरी झाली, तो विषय बंद. तू वर बर्फात काय खातोस, झोप लागते का, हे विचारत नाही. तू "सगळं ओके" एवढंच लिहिणार. तुला पत्रात 'तू' म्हणताना फार बरं वाटतं. घरात सगळ्यांसमोर अहो-अहो करून जीव कंटाळतो.

सीमेवरच्या पोस्टवरून तुझा फोन येतो तेव्हा मला जे बोलायचं असतं ते बोलताच येत नाही. फोन वाजला की आबा स्पीकर लावतात, मोबाइल टीपॉयवर ठेवतात आणि भोवती सगळं घर गोळा होतं. आई जेवणाचं विचारतात, आबा कुठली म्हैस व्यायली ते सांगतात, सुदर्शन भाऊजी त्यांच्या बुलेटचं पुराण लावतात. माझी पाळी येईपर्यंत लाइन खरखरायला लागते आणि मी "काळजी घ्या" म्हणते. बास. लग्न झाल्यापासून आपलं निम्मं बोलणं "काळजी घ्या" एवढंच झालंय. म्हणून हे पत्र.

तर मुद्द्याचं. डिसेंबरात तुला सुट्टी मिळतेय. जेमतेम पंधरा दिवस, त्यातले चारपाच येण्याजाण्यात जाणार. उरलेल्यांवर इथं आत्ताच सगळ्यांनी रुमाल टाकून ठेवलेत. तुझ्या मामांच्या सौमित्रचं लग्न, जेजुरी, वावराची मोजणी, शेफालीताईंकडं जेवण. मग मीच काय घोडं मारलंय? मीही रुमाल टाकतेय. मला तीन दिवस हवेत. आपल्या दोघांसाठी.

सगळं आखून ठेवलंय. आपल्याच बाइकवरून जायचं. उजाडायच्या आत निघायचं, चांदणी चौकातून मुळशी, धरणाच्या कडेकडेनं ताम्हिणी घाट. डिसेंबरात धबधबे नसतील, पण सेल्फीवालेही नसतील. खाली उतरलं की माणगाव, म्हसळा. हरिहरेश्वरला जेवायचं, मग बागमांडल्याच्या धक्क्यावर बाइक बोटीत चढवायची आणि खाडी ओलांडायची. पलीकडं वेश्वी, तिथून केळशी. दोन रात्री तिथंच. येताना महाडवरून वरंधा घाट, भोर, घर. वरंधा बंद असला तर आलो तसे परत. मधे कुठंही देवळात रांग नाही, कुणा पाहुण्याकडं चहा नाही.

क्लिनिकमधल्या हेमा मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "केळशीला आहे काय? काहीच नाही." म्हटलं, मॅडम, तेच तर हवंय. त्यावर म्हणाल्या, "मग इथं सदाशिव पेठेत काय वाईट आहे? पेशंट नसले की इथंही काही नसतं." बोलण्यात त्यांना कोण हरवणार! पण रजा दिली हं त्यांनी. माझ्याकडं जरा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जाऊन ये. तुला गरज आहे."

मला गर्दीचा किनारा नकोय. घोडागाडी नको, भेळ नको, वाळूत गाड्या फिरवणारी पोरं नकोत. मोठा, रिकामा, भरपूर आवाज करणारा समुद्र हवाय. केळशीचा तसा आहे म्हणे. मागं सुरूचं बन आणि माणूस औषधालाही नाही.

तुला वाटेल, हिला एकदम कोकण कुठून आठवलं. मे महिन्यात तू गेलास तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं खूप साठलंय. काही गोष्टी लिहायला घेते आणि पेन ठेवून देते. तिथं वाळूत बसून सांगेन. तू फक्त हो म्हण.

तुझी,
वैष्णवी


९ नोव्हेंबर

प्रिय अतिशहाणे फौजी,

तुमचा फोन सगळ्या घरानं ऐकला. "आई, वैष्णवीनं कोकणचा फर्स्टक्लास बेत आखलाय, आपण सगळेच जाऊ!" वा! मी आत भाकरी थापत होते. तव्यावरची करपली, हातातली फाटली. आई उठून आत आल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "किती गुणाची हाय माझी पोर. सगळ्यांचा इचार केला."

आणि खरं सांगू? मला रागावताही येईना. आईंनी आयुष्यात समुद्र बघितला नाहीये, तुला माहीत होतं? मला त्या दिवशी कळलं. जेजुरी, तुळजापूर, आळंदी, सगळं झालं, पण समुद्र फक्त टीव्हीवर. "मावळतीला पाणी खरंच लाल व्हतं का गं?" असं मला विचारत होत्या. आईंचं असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, लहान मुलीसारखं झालं होतं.

पण म्हणून एवढं? तुझ्या फोननंतरच्या घडामोडी ऐक. शेफालीताई येणार, म्हणजे श्याम दाजी येणार, म्हणजे त्यांचा सार्थक येणार, आणि त्याला घाट लागतो. मामामामी म्हणाले, लग्नाची दगदग झालेली असेल, आम्हीही येतो. सुदर्शन भाऊजींनी बुलेट सोडून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला, सतरा सीटचा. मग मोकळ्या सीट वाया का घालवायच्या म्हणून मामींची बहीण. आबा म्हणाले, सकाळच्या धारा काढून दूध डेअरीला घातल्याशिवाय मी हलणार नाही. म्हणजे उजाडायच्या आत निघणं गेलंच.

केळशी तर पहिल्या बैठकीतच उडाली. "तिथं हाय काय?" हे सगळ्यांनी मला आळीपाळीनं विचारलं. हेमा मॅडमना निदान उत्तर देता आलं होतं. आता सगळी वरात गणपतीपुळ्याला निघालीय, कारण आईंचा तिथं नवस आहे. कसला, ते अजून कळलेलं नाही.

शेवटी धीर करून विचारलं, "आणि हे कुठं बसणार?" तर आई म्हणाल्या, "त्यो पुढं डायवरपाशी बसंल, त्याला रस्त्याचं कळतं." मी मागं सार्थकशेजारी, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन. क्लिनिकमध्ये काम करते ना, म्हणजे उलट्यांची मला सवय असणार!

हसतोयस ना? हस. मीही लिहिताना हसतेय. पण त्या दिवशी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. टेम्पोसाठी कुणी रडत नाही, इंद्रजीत. ऑगस्टमध्ये तू फोनवर विचारलंस, "आवाज का बारीक येतोय?" मी म्हटलं, कावीळ आहे ना, अशक्तपणा. तुझं तेवढ्यानं समाधान झालं. मलाही त्या वेळी तेच हवं होतं. पण आता वाटतं, तू अजून एकदा विचारायला हवं होतंस.

घरात बोलता येत नाही, फोनवर येत नाही. सहलीत येईल म्हटलं तर तीही आता सतरा सीटची झाली. मग मी तुझ्याशी बोलायचं कधी? परत स्टेशनवर सोडायला आल्यावर, गाडी हलताना?

वैष्णवी


२ डिसेंबर

इंद्रजीत,

हे पत्र मुद्दाम खालच्या कॅम्पच्या पत्त्यावर टाकतेय. तू पोस्टवरून उतरलास की तिथं मिळेल. घरी सगळे धडधाकट आहेत, आधी हे वाच आणि मग बसून पुढचं. कुणाला काही झालेलं नाही. जे झालं ते ऑगस्टमध्ये झालं. तू वर असेपर्यंत कळवायचं नाही, एवढं मी आईंचं ऐकलं. आता तू खाली आलायस, म्हणून लिहितेय.

मला कावीळ झाली नव्हती. मला दिवस गेले होते.

जूनमध्ये कळलं. मला त्याच दिवशी तुला सांगायचं होतं, पण आई म्हणाल्या, तिसरा महिना सरल्याबिगर कुणापाशी बोलायचं नाही, नजर लागते. मलाही त्यात गंमत वाटली. म्हटलं, तिसरा सरू दे, मग या स्पीकरवरच सगळ्यांसमोर सांगते, बघू फौजी काय बोलतो ते. तुझा चेहरा दिसणार नव्हता, म्हणून आवाज कसा होईल तो मनात ऐकत बसायची. क्लिनिकमध्ये नंबर पुकारतानासुद्धा हसायची.

तिसरा सरत आला होता आणि गेलं. माझं काही चुकलं नव्हतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. असं कधी कधी होतं म्हणाल्या. त्यांनी बरंच समजावलं, पण मला तेवढंच आठवतं.

दवाखान्यातून आले आणि आईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "पोरगं तिकडं बंदूक घिऊन हुबं हाय. त्याचं चित्त थाऱ्यावर ऱ्हायला नगं? त्याला यातलं काय बी कळवायचं न्हाई." मी हो म्हटलं. माझ्या अंगात नाही म्हणायचं बळ नव्हतं, आणि भीती मलाही वाटत होतीच. चांगली बातमी सांगायची वेळ आली नव्हती आणि वाईट बातमी फौजेत कळवायची नसते. अशानं तुला काहीच कळलं नाही.

शेजाऱ्यांना, पाहुण्यांना सांगितलं, सुनेला कावीळ झालीय. झालं! शेजारचे सुखदेवकाका रोज उसाचा रस आणून द्यायचे. कुणी मंत्राचा दोरा आणला, कुणी मुळ्याची पानं. मी काविळीचं पथ्य पाळत अंथरुणावर पडून होते आणि येणारी प्रत्येक बाई माझे डोळे ओढून बघायची, पिवळेपणा गेला का म्हणून. रडून लाल झालेले कुणाला दिसले नाहीत. नाहीतर दिसले असतील, देव जाणे.

आईंना मी नावं ठेवत नाही, तूही ठेवू नकोस. त्यांनी माझं अंग चोळून दिलं, न्हाऊ घातलं, डिंकाचे लाडू केले. पोटच्या पोरीला केलं असतं तेवढं केलं. पण तिसऱ्या आठवड्यानंतर तो विषय या घरातून जो गेला तो गेला. मी काढला की त्या म्हणतात, "गेल्याचं नाव काढू नये. पुढचं बघायचं."

रविवारी टेम्पोचा बेत पक्का करायला सगळे जमले होते. आईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, नवस कसला आहे ते. वर्षाच्या आत पाळणा हलू दे, म्हणून जोडीनं नारळ ठेवायचा, मी आणि तू. मामी माझ्याकडं बघून हसल्या. शेफालीताई म्हणाल्या, "बरोबर आहे, दोन वर्षं झाली की आता." त्यांनाही माहीत नाहीये, इंद्रजीत. मी सगळ्यांना चहा दिला, आत गेले आणि आईंना म्हटलं, "आई, पुढच्यासाठी नारळ ठेवीन मी. पण आधी जे गेलं त्याच्यासाठी मला ह्यांच्याजवळ बसून रडायचंय. ह्यांना सांगितल्याशिवाय मी त्या देवापुढं उभी राहणार नाही."

त्या कितीतरी वेळ कपबशा विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांग बाई. मला न्हाई त्याला सांगायला जमायचं." पदरानं डोळे पुसले आणि बाहेर जाऊन बसल्या. केळशीचा विषय तसाच राहिला.

तर केळशी यासाठी होती. मला देखावे बघायचे नव्हते. घाटात तुझ्या पाठीला टेकून बसायचं होतं, म्हणजे सांगायची तयारी होईल. आणि मग जिथं कितीही मोठ्यानं रडलं तरी कुणी "काय झालं गं?" म्हणून विचारायला येणार नाही, अशी जागा हवी होती.

आईंना समुद्र दाखवायचाच आहे. टेम्पो जाईल, मीही जाईन, सार्थकच्या पिशव्या धरीन. पण त्याच्या आधी मला तू एकटा हवा आहेस. तीन दिवस जमत नसतील तर एक दे. घरी फोन कर आणि सांग, आधी मी आणि वैष्णवी केळशीला जाणार, दोघंच. कारण सांगू नकोस, हसण्यावारी नेऊ नकोस. मी म्हटलं तर सून शेफारली म्हणतील. तू आईंना आजवर कशालाही नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हे तुला जड जाईल, मला माहीत आहे. तरी मागतेय.

हे तुला आल्यावरच सांगावं असं खूप वाटत होतं. तिथं थंडीत तू एकटा हे वाचणार, आणि मी जवळ नसणार, याचं वाईट वाटतंय. पण मग तू स्टेशनवर हसत उतरला असतास, आणि मला पुन्हा कावीळ होऊन गेलेली बायको व्हावं लागलं असतं. ते आता होणार नाही माझ्याच्यानं.

जूनपासून ऑगस्टपर्यंत तू बाप होतास, इंद्रजीत. कुणी तुझ्या हातावर पेढा ठेवला नाही, आणि गेलं तेव्हा कुणी तुझ्याजवळ येऊन बसलं नाही. हे तुला माहीत असायला हवं होतं. आज मी सांगितलं. रडू आलं तर रड, पण सगळं तिथं संपवू नकोस.

तुझ्या बाळाची आई,
वैष्णवी