क्षयाची गोधडी

फाल्गुन वद्य पंचमी, शके १८१८. गिरगाव, संध्याकाळ.

तोंडातली रक्ताची चव अजून जात नाही. रक्त माझे नव्हे, हवालदाराचे.

हे जाऊन महिना झाला. क्षयाने तीन वर्षे झिजले. मेलेल्याचे अंथरूण घरात ठेवू नये म्हणतात, पण त्यांची गोधडी मी ठेवली. माझ्याच जुन्या लुगड्यांची. आमची गंगी रोज तिच्यात तोंड खुपसते आणि म्हणते, "बाबांचा वास."

दुपारी प्लेगची तपासणी आली. "इथे कोण मेले? अंथरूण काढा, जाळायचे आहे."

"त्यांना क्षय होता. प्लेग नव्हता."

हवालदार हसला. "बाई, या चाळीत सगळ्यांनाच क्षय! कालच्या क्षयवाल्याच्या काखेत गाठ निघाली."

शेजाऱ्यांनी खोटे बोलून बोलून माझे खरे आधीच वापरून टाकले होते.

गंगी गोधडीला बिलगली. त्याने तिला दंड धरून भिरकावले, ती उंबऱ्यावर आपटली. मग मी त्याच्या मनगटाला चावले. दातांना हाड लागले तरी सोडले नाही. मी! जिचे हळू बोलणे ऐकायला यांना कान पुढे करावा लागे. दोघा शिपायांनी मला ओढून काढले. गोधडी अंगणात जळली.

जाताना मनगटाला चिंधी बांधीत हवालदार म्हणाला, "गेल्या आठवड्यात माझ्या भावाचे अंथरूणही मीच जाळले, बाई."

ऐकले मी. दया यायला हवी होती का? आली नाही. ती रक्ताची चव मला आवडली, हेही लिहून ठेवते.

हे असते तर म्हणाले असते, "सोड त्याला."

हे नाहीत.