मऊ कणांची पंगत

हैदराबाद, १० जानेवारी १९९७

ती. रेणुकामावशीस पद्मिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र रडकं आहे, चहा घेऊनच वाच. माझा अभ्यास तुला ठाऊकच आहे: द्रवातले मऊ, दबणारे कण दाटी वाढली की कसे मांडून बसतात. हिशेब संगणक करतो. विरळ असले की कुठंही पडतात. दाटी झाली की पंगतीसारखे अंतर राखून बसतात. पण आणखी कोंबले की एकमेकांत घुसतात अन् शिस्तच विस्कटते! सर म्हणतात, अशक्य. दाटीबरोबर शिस्त वाढायलाच हवी. शिस्तीच्या आलेखाचा उतरता भाग काढून टाक, नाहीतर प्रबंधावर सही नाही. सही नाही तर यंदा पदवी नाही, अन् पदवीशिवाय निर्मल गावच्या स्थळाला मी नको. तीनदा तपासलं, चूक सापडत नाही. काढू का गं?

लोभ आहेच, सध्या जरा जास्त पाठव.
पद्मिनी

तामसी, २२ जानेवारी

चि. पद्मिनीस रेणुकामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र माह्या उद्धवच्या लग्नाच्या आदल्या दिवशी भेटलं. पंगतीले गुडीहत्नूरचे पाव्हणे एक ट्रॅक्टर भरून जास्तीचे आले. मी म्हटलं, पोट्टीचा शोध हाये, कोंबा सगळ्यांले एकदमच! रांगा गेल्या उडत. कधीचे अबोला धरलेले माणिकराव अन् भगवानराव एकमेकांच्या मांडीवर, अन् वरण दोघांच्याबी धोतरावर. तुह्या काकांनी मले लय झापलं. मानसं मऊ नसतात बाई, हाडं टोचतात.

पन दिसलं ते दिसलं. काढू नको. खोट्या आलेखासंग जलमभर नांदशील काय?

माया हाये तशीच हाये. जेवत जाय.
रेणुकामावशी

हैदराबाद, ३ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

नाही काढला. सरांनी सही केली नाही. आता दुसऱ्या मॅडमकडं गेले, म्हणजे वर्ष गेलं. दोन दिवस दार लावून रडले. मग टणक गोळ्यांचाही हिशेब केला. तिथं सरांचं खरं निघालं, दाटीबरोबर शिस्त वाढतेच. मऊ कणांत मात्र माझंच खरं. निर्मलवाल्यांना तूच सांग, माझ्यात धीर नाही.

रागावू नकोस, एवढाच लोभ पुरे.
पद्मिनी

तामसी, १४ मार्च

चि. पद्मिनीस अनेक आशीर्वाद.

सांगितलं. ते म्हने, पोरीले जुळवून घेता येत नाई. मी म्हटलं, हाव, खोट्याशी नाई येत. उठून गेले. तुही माय रडली, मी बी रडली. मंग त्यांच्यासाठी केलेला शिरा आमी दोघींनीच खाल्ला.

तुहा मले लय अभिमान वाटते, पोट्टे. पन वर्साच्या आत ते डाक्टरकीचं उरक. साऱ्या तामसीत मी कवाच सांगून बसली, तू झाली म्हनून. मले खोटं पाडू नको.

लोभ उतू जाऊन राह्यला, सांभाळ.
रेणुकामावशी