रोहिणखेडची लाइन

चिखली,
१२ डिसेंबर २०२५

चि. सौ. समीक्षा हिस,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनच केला असता, पण दिवाळीच्या सुट्टीपासून तू माझा फोन घेत नाहीस. संघपाल घेतो आणि "हो आई, नाही आई" करून ठेवून देतो. शिवाय फोनवर माझ्या तोंडाला आवर राहत नाही, हे तुला सांगायला नको. लिहिताना निदान खोडता येतं.

इकडे सर्व ठीक. थंडी चांगलीच पडली आहे. हरभरा फुलावर आला आहे म्हणतात. बाबांची तब्येत उत्तम आहे.

आपल्या गल्लीचा रस्ता पुन्हा खोदणार आहेत. अजून डांबराचा वास गेला नाही तोवर ह्यांना खाली काहीतरी पुरायची आठवण झाली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हाही हेच चालायचं. कोणीतरी पहार घालायचा, आमची केबल तुटायची, आणि शिव्या खायला बोर्डावर बसलेल्या आम्ही. गेल्या महिन्यात तर बाजाराकडच्या रस्त्याला एका जेसीबीवाल्यानं विजेची केबल फोडली. जीव वाचला, पण दोन्ही हात भाजले. तेव्हा कुठे ठेकेदाराला शहाणपण सुचलं आणि त्यानं आपल्या माणसांसाठी प्रशिक्षण ठेवलं. खोदण्याआधी जमिनीत काय आहे ते ओळखायचं कसं, याचं. शेजारच्या समाजभवनात भरलं. चहा इतका पांचट होता की शेवटी मीच घरून करून पाठवला.

शिकवायला राजकुमार नावाचा इंजिनियर आला होता अकोल्याहून. मुलगा चांगला. त्यानं काठीसारखं एक यंत्र आणलं होतं. खालून वीज वाहत असेल तर ते ओरडतं. प्लास्टिकचा किंवा सिमेंटचा पाइप त्याला कळत नाही, त्यासाठी वेगळं, चाकांचं, बाबागाडीसारखं ढकलायचं. मग जमिनीवर रंगानं खुणा करायच्या. विजेला लाल, पाण्याला निळा. आणि खूण झाली तरी मशीन आणायचं नाही, आधी बाजूला हातानं लहानसा खड्डा घेऊन डोळ्यांनी बघायचं. मी खिडकीत बसून सगळं ऐकलं. मला आता हे काम देतील तर मी करू शकेन, आणि पुढच्या रांगेत तंबाखू चोळत बसलेल्यांपेक्षा बरं करीन.

तर त्याचा पहिला धडा होता, जुन्या माणसांना विचारा. गावात नकाशे असतात कुठे? पाण्याच्या लाइनी ज्यांनी टाकल्या त्यांच्याच डोक्यात असतात. चिखलीत म्हणजे कोणाला विचारणार? आपल्याच दारात आले. "साहेब, उद्या प्रॅक्टिकल आहे, तुम्ही येऊन लाइन दाखवा."

इतकी वर्षं हे असंच चालत आलंय. तू पाहिलं आहेस. कुठेही खोदायचं झालं की भाऊराव साहेबांना बोलवायचं. हे टोपी घालून जातात, नारळ फोडला जातो, हे दोन-चार पावलं इकडे तिकडे करतात आणि जमिनीवर चुन्याची फक्की मारतात. त्या पांढऱ्या रेघेवर खोदायचं, खाली काही लागत नाही. पाणीपुरवठ्यातून निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, पण रेघ चुकली असं कोणी म्हटलं नाही.

मी म्हणाले, "जाऊ नका. गार वारा आहे."

"काऊन? मले काय झालं?" म्हणाले.

समीक्षा, वर मी 'उत्तम' लिहिलं आहे ना, तो शब्द खोडायला हवा. आता शाईनं लिहिला गेला.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी फाटकाशी उभी राहिले. ह्यांनी नारळ फोडला. फक्कीचा डबा घेतला. आणि इतक्या ठामपणे चालले की मलाच बरं वाटलं. मागून गोकुळ चालत होता. जेसीबी चालवतो तो, देऊळघाटचा. त्याच्या घरचा नळ ह्यांनीच दिला होता, म्हणून ह्यांना देव मानतो. हे त्याला सांगत होते, "पाह्य, मशिदीच्या भिंतीपासून पाच हात सोडाचे. मंग लाइन डावीकडं वळते. हा भाग रिकामा हाये, इथं काईच नाई."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आपल्या गल्लीत मशीद नाही. पिठाची गिरणी आहे आणि दवाखाना आहे. एक जण म्हणाला, "साहेब, मशीद रात्रीतून बांधली का बे कोनं?" आणि हसले सगळे.

मी हसले नाही. मला ती भिंत माहीत आहे. लग्न झाल्यावर आमची पहिली बदली रोहिणखेडला. तिथल्या जुन्या मशिदीजवळून ह्यांनी आयुष्यातली पहिली लाइन टाकली. मी डबा घेऊन जायची, तेव्हा हे असेच फक्कीचा डबा धरून उभे असायचे आणि मला पाच हातांचा हिशेब समजावायचे. हे चुकत नव्हते गं. रेघ अगदी बरोबर होती. फक्त ती रोहिणखेडची होती.

ह्यांनी जिथे 'काईच नाई' म्हटलं, तिथे राजकुमारचं यंत्र ओरडायला लागलं. त्यानं लाल रंगाची फुली मारली आणि खड्डा फुलीपासून लांब घ्यायला सांगून पलीकडे बाबागाडीकडे गेला. ह्यांचा चेहरा उतरला. मग रागावले. "मशीन खोटं बोलून राह्यलं. गोकुळ, मार पहार. मी सांगून राह्यलो ना."

"गोकुळ, थांब!" राजकुमार तिकडून ओरडला.

"सर, साहेब म्हनते नाई, म्हनजे नाई," गोकुळ म्हणाला, आणि त्यानं पहार उचलली.

यंत्रापेक्षा माणसावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता तिथे, आणि मरणार तोच होता.

मी ओरडले. एक्स्चेंजमधला आवाज अजून शिल्लक आहे माझा. "गोकुळ, ठेव ती पहार खाली! साहेबांना आता काही आठवत नाही!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. गिरणी चालू होती तरी ऐकलं.

दुसरं काही ओरडता आलं असतं. 'फोन आलाय' म्हणता आलं असतं, 'साप' म्हणता आलं असतं, पाय घसरून पडता आलं असतं मला. तेव्हापासून बसून असली वाक्यं शोधते आहे. भरपूर सापडतात. गोकुळ वाचला, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ह्यांनी डबा खाली ठेवला, हात झटकले, टोपी काढली आणि माझ्या समोरून घरात गेले. फाटकाची कडी लावायलाही विसरले नाहीत.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. कप घेतला. म्हणाले, "तुले कवापासून माहीत होतं?"

खोटं बोलायची सवय झाली होती, तरी त्या वेळी जमलं नाही. म्हटलं, "उन्हाळ्यापासून. बुलडाण्याला म्हणून निघालात आणि देऊळघाटच्या जीपमध्ये बसलात, तेव्हापासून."

"मले त्याच्याबी आधीपासून," म्हणाले. "तुले सांगाची हिंमत नाई झाली. तू म्हनली असती, नाटकं करू नका."

म्हटली असती. नक्की म्हटली असती.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीत जेवताना तू जे बोललीस, 'बाबांना नागपूरला डॉक्टरांना दाखवू या', ते तुझ्या मनाचं नव्हतं. आदल्या दिवशी गच्चीवर त्यांनीच तुला विनवलं होतं, 'माझ्याच्यानं होत नाई, तू काढ विषय.' आणि मी ताट सरकवून तुला काय काय बोलले! दवाखान्यात नोकरी करते म्हणून सगळं जग तुला आजारी दिसतं, म्हणाले. माझ्या घरात माझ्या नवऱ्याला वेडं ठरवू नको, म्हणाले. तुझ्या आईवरही गेले. हे खाली मान घालून जेवत होते. आणि तू एका शब्दानं त्यांचं नाव घेतलं नाहीस. रात्रीच्या गाडीनं निघून गेलीस.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर 'सॉरी' शंभर वेळा पाटीवर लिहायला लावायच्या. त्यामुळे त्या शब्दाची मला कायमची चीड बसली आहे. तो मी इथे लिहिणार नाही. तू समजून घे, किंवा नको घेऊ.

राजकुमार काल घरी येऊन गेला. ती मशीद कुठली, हे मी त्याला सांगितलं होतं. ह्यांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, रोहिणखेडच्या जुन्या लाइनची माहिती तिथं कोणाकडेच नाही. मला नकाशा काढून द्याल?" हे उठले. आत जाऊन झोपून राहिले. त्या संध्याकाळनंतर दोन दिवसांत माझ्याशी 'मीठ दे' याच्या पलीकडे शब्द नाही. डॉक्टरांचं मीच काढलं आज सकाळी. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जाईन. पन समीक्षासंगं जाईन. तू येऊ नको."

ते बरोबरच आहे. चारचौघांत काय बोलायचं आणि काय नाही, हे तुला कळतं.

तेव्हा नागपूरची तारीख घे आणि ये. संघपालला सुट्टी मिळाली तर त्यालाही आण, नाहीतर एकटी ये. बॅग मी भरून ठेवते, गोळ्या आणि चष्मा वरच्या कप्प्यात. मी गाडीत बसणार नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही तुम्हाला दोघांना सांगावंसं वाटलं तरच सांगा. मी विचारणार नाही. हे माझ्यासाठी किती अवघड आहे, ते तुला माहीत आहे.

फक्त फार दिवस लावू नको. अजून त्यांना तुझं नाव नीट आठवतं.

पुष्पांजली
(आई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)